डच सासरची वंशावळ शोधायचीय, सुरुवात कुठून करू?

मी नेदरलँड्सला असते, नवरा डच. सासूबाईंना ऐंशी पूर्ण होतायत म्हणून त्यांच्या माहेरची वंशावळ करून द्यायचं डोक्यात आलंय. पण घरात फक्त खापरपणजोबांच्या १८५१ च्या लग्नाची नोंद आहे आणि त्यात जन्मगाव फेनहाउझन. तिथे जेल आहे हे सगळ्यांना माहीत, सासूबाईंनी काही न बोलता कागद घडी घालून परत ड्रॉवरमध्ये ठेवला. पुढे शोधू की राहू देऊ?

प्रतिसाद १
शोध गं बिनधास्त! ओपन आर्क या जुन्या नोंदींच्या वेबसाइटवर फुकटात स्कॅन दिसतात. खापरपणजीचं माहेरचं आडनाव टाकून बघ, इकडच्या सरकारी नोंदीत बाई मरेपर्यंत माहेरच्याच नावाने असते, आपल्यासारखं लग्नात नाव बदलून घोळ नाही. नेपोलियनच्या अमलात १८११ ला बहुतेक ठिकाणी या नोंदी सुरू झाल्या, त्याआधीचं चर्चच्या बाप्तिस्मा-लग्नाच्या वह्यांत. तिथे यान्स म्हणजे नुसता यानचा मुलगा, आडनाव समजून मी सहा महिने भलत्याच घराण्याच्या मागे होते 😅

प्रतिसाद २
त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्यांसारखं एका जागी सगळं मिळत नाही बरं का. पण लग्नाच्या नोंदीला जोडलेले कागद नक्की मागव, मूळ खजिना तिथे. नवऱ्या मुलाचा लष्करभरतीचा दाखला असतो, त्यात बऱ्याचदा उंची, कपाळ, नाक, हनुवटी सगळं लिहिलेलं. फोटो नसलेल्या माणसाचं नाक कळतं, अजून काय पाहिजे!

प्रतिसाद ३
सासूबाईंना आधी हे सांगा. फेनहाउझन तेव्हा आजच्यासारखं जेल नव्हतं. १८१८ ला योहानेस फान डेन बॉशने गरिबांना शेतीला लावायची संस्था काढली, तिची ही वसाहत. भिकारी म्हणून पकडलेले लोक तिथे डांबले जायचे हे खरं, पण शहरांतली अनाथ मुलंही पाठवली, आणि निवृत्त सैनिकांची कुटुंबंही राहायची. म्हणजे तिथे जन्मलेलं बाळ कुणाचंही असू शकतं. सरकारने ती १८५९ ला ताब्यात घेतली. असन शहरातल्या ड्रेंट्स आर्खीफ या सरकारी दफ्तरखान्यात वसाहतीची रजिस्टरं आहेत, आईबापाचं नाव घेऊन तिथेच जा.

धागाकर्ती
थँक्यू सगळ्यांना! सासूबाईंना वाचून दाखवलं. म्हणाल्या, सैनिकाचा निघाला तर मलाच आधी फोन कर. भिकाऱ्याचा निघाला तरी कर, पण जेवण झाल्यावर.