विद्यार्थिनींचे सायबरसुरक्षा मंडळ : पहिल्या बैठकीनंतर सदस्य टिकत का नाहीत?

प्रश्न : तृतीय वर्ष, संगणकशास्त्र

सायबरसुरक्षेकडे वळू पाहणाऱ्या विद्यार्थिनींसाठी आम्ही चौघींनी गेल्या वर्षी विद्यापीठात एक मंडळ सुरू केले. पहिल्या बैठकीला वर्ग भरला होता; दुसऱ्या सत्रात आठ-नऊ जणीच उरल्या. दरम्यान आम्ही व्याख्याने ठेवली, या क्षेत्रातील नामवंत स्त्रियांची भित्तिपत्रके लावली आणि एका ‘कॅप्चर द फ्लॅग’ (सुरक्षेची कोडी सोडवून दडवलेले संकेत शोधण्याच्या) स्पर्धेत मुलामुलींच्या संमिश्र संघांतून काही जणींना उतरवले. त्या स्पर्धेनंतर तर गळती वाढलीच. कीबोर्ड पूर्ण वेळ मुलांच्या हाती होता आणि आम्ही केवळ टिपणे काढत बसलो, असे दोघींनी नंतर सांगितले. बैठकांची आखणी कशी बदलावी? मुलांना सदस्यत्व द्यावे का, यावरही आमच्यात एकमत नाही.

उत्तर १ : अशाच एका मंडळाची माजी अध्यक्ष, सध्या सुरक्षा विश्लेषक

व्याख्याने कमी करा. ऐकून उत्साह येतो, पण तो आठवडाभरही टिकत नाही. स्वतःच्या हाताने काही उघडले, तर मात्र माणूस परत येतो. आम्ही ‘ओव्हरदवायर’ या सरावाच्या संकेतस्थळावरचा ‘बँडिट’ हा खेळ घेत असू. त्यात एसएसएचने (दूरच्या संगणकाशी सुरक्षितपणे जोडणाऱ्या साधनाने) दूरच्या यंत्रात शिरून पायरीपायरीने पुढचा पासवर्ड शोधायचा असतो. पहिला पासवर्ड साध्या फाइलीत सापडतो. त्यानंतरच्या फाइलीचे नाव मात्र केवळ एक आडवी रेघ असते, त्यामुळे ती नेहमीच्या ‘कॅट’ आज्ञेने वाचू गेल्यास संगणक काहीच न दाखवता आपल्याच टंकनाची वाट पाहत राहतो. इथे अनुभवी म्हणवणारेही अडखळतात, आणि ते सर्वांदेखत अडखळले की नवख्या मुलीच्या मनातला न्यूनगंड बराचसा ओसरतो. पूर्वी लिनक्स न वापरलेल्यांसाठी पहिला अर्धा तास वेगळा ठेवा आणि दर वीस मिनिटांनी कीबोर्ड दुसरीकडे द्या; हा नियम स्पर्धेच्या सरावातही पाळा.

भित्तिपत्रकांविषयी थोडे स्पष्ट बोलते. संगणक-सुरक्षेच्या संशोधक डोरोथी डेनिंग यांचे छायाचित्र भिंतीवर असून फारसे काही साधत नाही. घुसखोरी झाली की यंत्राच्या वापराच्या नोंदींत नेहमीपेक्षा वेगळा आकृतिबंध दिसतो, या गृहीतकावर त्यांनी १९८७ मध्ये घुसखोरी ओळखण्याचे प्रारूप मांडले. बैठकीत लॉगिनच्या हजारभर नोंदी वाटा, त्यांत एक संशयास्पद खाते दडवा आणि ते शोधायला सांगा. डेनिंग यांचे नाव शेवटी सांगितले तरी चालेल.

उत्तर २ : पेनिट्रेशन टेस्टर (ग्राहकाच्या परवानगीने त्याच्या यंत्रणेत शिरून त्रुटी शोधणारे व्यावसायिक)

वरील उत्तराशी बहुतांशी सहमत आहे, परंतु टिपणे काढण्याच्या कामाला कमी लेखले जाऊ नये. माझ्या व्यवसायात ग्राहकाच्या हाती पडतो तो अहवालच. त्रुटी कोणत्या क्रमाने सापडली, तिची पुनरावृत्ती कशी करायची आणि ती कशी बुजवायची, हे नीट लिहिले नसेल तर ती शोधल्याचा उपयोग होत नाही. तुमच्याकडे चुकले ते इतकेच, की हे काम न विचारता मुलींच्याच वाट्याला गेले. जो कोडे सोडवील त्यानेच त्याचे टिपण लिहावे.

उत्तर ३ : प्राध्यापक, मंडळाचे मार्गदर्शक

सदस्यत्व सर्वांना खुले ठेवावे, मात्र कार्यक्रम ठरवण्याचे आणि बैठक चालवण्याचे अधिकार विद्यार्थिनींकडे असावेत, असे माझे मत आहे. केवळ मुलींपुरते मंडळ ठेवल्यास तिथे मोकळेपणा मिळतो हे खरे, परंतु संमिश्र संघात आपली जागा मागण्याचा सराव मग कुठे होणार? नवख्या सदस्यांच्या बैठका हवे तर वेगळ्या घ्या.

आणखी एक गोष्ट, जी उत्साहाच्या भरात हमखास राहून जाते : सराव फक्त त्यासाठीच बनवलेल्या यंत्रणांवर करावा. ‘ओवॅस्प’ या सॉफ्टवेअर-सुरक्षेसाठी काम करणाऱ्या संस्थेचे ‘ज्यूस शॉप’ हे मुद्दाम त्रुटी ठेवलेले संकेतस्थळ आपल्याच संगणकावर चालवता येते. विद्यापीठाच्या निकालाच्या संकेतस्थळावर लेखी परवानगीशिवाय ‘सहज बघितले’ तरी प्रकरण शिस्तभंग समितीपुरते न थांबता कायद्याच्या कक्षेत जाऊ शकते.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. पुढच्या बैठकीतले व्याख्यान रद्द करून ‘बँडिट’ घेत आहोत. उत्तर १ लिहिणाऱ्या ताईंना एक विचारायचे आहे : नोंदींचा सराव घेताना त्या तुम्ही स्वतः तयार करत होतात, की खऱ्या यंत्रणेतील नोंदींमधून नावे व पत्ते काढून टाकून वापरत होतात?

उत्तर १ लिहिणारी

स्वतः तयार केलेल्या. नावे काढली तरी वेळा आणि सवयींवरून माणूस ओळखू येतो. खऱ्या नोंदी बैठकीत आणू नका.