जरीपटक्यात मराठी कुटुंब एकटं पडतं?

जरीपटका म्हणजे नागपुरातली सिंधी लोकांची वस्ती. 'जरीपटक्यात सगळे सिंधीतच बोलतात, मराठी कुटुंब एकटं पडतं' असं इथे कुणीतरी लिहिलंय, ते मला अर्धंच पटतं. भाषा कानाला परकी लागते खरी, पण आम्ही तिथे नऊ वर्षं भाड्याने राहिलो, एकटं कधी वाटलं नाही. श्रावणात थदडी या सणाला सिंधी घरांत चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचं गार खातात. पहिल्याच वर्षी शेजारच्या मावशींनी लोलो, म्हणजे जाडसर गोड पोळी, स्टीलच्या ताटलीत झाकून आणला. आठवड्याभरात पोळा आला, त्याच ताटलीतून आमची पुरणपोळी गेली. ती ताटली नऊ वर्षांत कधी रिकामी परतली नाही.

एक गोष्ट इथे कुणी लिहिली नाही. तिथले सगळे सिंधी १९४७ च्या फाळणीत आलेले नाहीत. बरीच कुटुंबं गेल्या काही वर्षांत दीर्घ मुदतीच्या व्हिसावर पाकिस्तानातून आलीत. २०१६ मध्ये केंद्राने नागपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना अशा अर्जदारांना नागरिकत्व द्यायचे अधिकार दिले, तरी कागद हातात येईपर्यंत जीव टांगणीलाच असतो. त्यामुळे ओळख झाल्या झाल्या 'तुम्ही मूळचे कुठले, कधी आलात' असं विचारू नका, भाऊ. मी विचारलं होतं. समोरची बाई गप्प होऊन आत निघून गेली, त्याचं मला अजून वाईट वाटतं.