किनाऱ्यावरची काळी वाळू आणि उन्हातलं इंधन: पैसा कुठे घालावा?

काळबादेवीकर:
आमच्या रत्नागिरीच्या काळ्या वाळूतल्या इल्मेनाइट या खनिजापासून टायटॅनियम डायऑक्साइड निघतो, रंगात वापरतात ती पांढरी पूड. १९७२ साली फुजिशिमा आणि होंडा यांनी याच पदार्थावर प्रकाश पाडून पाण्याचं हायड्रोजन आणि ऑक्सिजनमध्ये विघटन केलं. १९७९ मध्ये अशाच पुडी पाण्यात ठेवून, त्यावर प्रकाश पाडून आणि कार्बन डायऑक्साइड सोडून मिथेनॉल हे द्रव इंधन मिळवल्याचं प्रसिद्ध झालं. जयगडला कोळशावरची वीज आहे, म्हणजे धुरातला कार्बन डायऑक्साइड आयता. रत्नागिरीच्या महाविद्यालयांत या प्रकाश-उत्प्रेरकांवर, म्हणजे प्रकाशाच्या जोरावर रासायनिक क्रिया घडवणाऱ्या पदार्थांवर, काम व्हायलाच हवं; पैसा त्यात घालावा.

हर्णैवाला:
सहमत नाही. ही पूड फक्त अतिनील किरण घेते, उन्हातला जेमतेम ४-५ टक्के भाग. २०२१ मध्ये जपानात १०० चौरस मीटरवर दुसरा उत्प्रेरक पसरून हायड्रोजन काढला, तर कार्यक्षमता जास्तीत जास्त ०.७६ टक्के! छपरावरचं सौर पॅनेल २० टक्क्यांच्या आसपास देतं. आमच्या बर्फ कारखान्याला पॅनेलसाठी कर्ज मिळेना. आधी ते बघा. आणि वाळू उपसायचा विषय निघाला तर पहिला विरोध माझा.

काळबादेवीकर:
वाळूला हात लावायचा नाहीच, दादा. प्रयोगाला काही ग्रॅम पूड लागते, ती बाटलीत विकत मिळते. पण आठ-दहा दिवस समुद्रात राहणारा ट्रॉलर पॅनेलवर चालेल का? त्याला टाकीत भरायचं इंधनच लागणार.

रसायनवाली:
एम.एस्सी.ला हेच केलंय, म्हणून लिहिते. पुडीत प्रकाशाने सुटलेला इलेक्ट्रॉन बहुतेक वेळा काम न करताच जागेवर परततो. मिथेनॉलच्या एका रेणूला सहा इलेक्ट्रॉन लागतात, मिथेनला आठ. त्यात पाणी शेजारीच, म्हणून इलेक्ट्रॉन हायड्रोजन बनवण्यात खर्च होतात. आम्हाला मिथेन मिळाला, सगळे खूश. मग कार्बन डायऑक्साइडऐवजी आरगॉन, म्हणजे कार्बन नसलेला निष्क्रिय वायू, सोडून पाहिला, तरी मिथेन येतच राहिला! पूड बनवताना वापरलेल्या सेंद्रिय द्रव्याचे अवशेष तिच्यात उरले होते, तेच विघटित होत होते. पैसा जरूर द्या, पण कार्बन-१३ (वेगळा ओळखता येणारा जड कार्बन) असलेला कार्बन डायऑक्साइड वापरून, इंधनातला कार्बन त्यातूनच आला का याची पडताळणी करण्याच्या अटीवर.

हर्णैवाला:
ताई, तुमचं वाचून माझा विरोध पक्काच झाला. वर पावसाळ्यात ऊन कुठलं?

काळबादेवीकर:
१ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदच असते ना? ऊन असतं तेव्हाच डिझेल लागतं. ताईंची अट मान्य.

हर्णैवाला:
अट मलाही मान्य. पण बर्फ कारखान्याचं पॅनेल आधी.