सरपंचाला ‘परत बोलावतात’ की ‘उतरवतात’?

अमळनेरकडच्या आमच्या गावात पारावर निघालेला वाद इथे मांडतो. राज्यशास्त्र शिकणारा पुतण्या म्हणाला, निवडून दिलेल्याला मुदतीआधी लोकांनीच मतदान करून काढलं की त्याला ‘प्रत्यावाहन’ म्हणायचं, म्हणजे परत बोलावणे. त्यावर आप्पा म्हणाले, “बलावतस कोन्हले? जो दूर गया त्याले. सरपंच ते आठेच बठेल शे!”

आप्पांचं म्हणणं मला पटलं. आमदाराला आपण मुंबईला ‘पाठवतो’, म्हणून त्याला परत बोलावता येईल. सरपंच किंवा नगराध्यक्ष गावातच असतो, त्याला आपण ‘बसवतो’. बसवलेल्याला उतरवायचंच असतं. शिवाय ‘आवाहन’ म्हटलं की आमच्याकडे पूजा डोळ्यांसमोर येते. श्रावणात कानबाई बसवायची आणि दुसऱ्या दिवशी वाजतगाजत बोळवायची, तिथे तो शब्द शोभतो. तुमच्याकडे काय म्हणतात?

धुळ्याहून : भाऊ, ‘पायउतार’ आहे की. मूळ अर्थ घोड्यावरून किंवा वाहनातून खाली उतरणे. पण त्यात उतरणारा स्वतः उतरतो. लोकांनी उतरवलं, हे सांगायला तो अपुरा पडतो. ‘उचलबांगडी’ म्हणजे हातपाय धरून उचलून नेणे. तो बदलीच्या बातमीत बरा, मतदानाला नको. मतदारांनी कुणाचे हातपाय धरलेले नसतात.

चोपड्याहून : गावात तर सरळ ‘अविश्वास आणला’ म्हणतात, ‘ठराव’ शब्द गळूनच गेलाय. पण तो आणतात सदस्य. सदस्यांनी तहसीलदाराला नोटीस द्यायची, त्याने सात दिवसांत विशेष सभा बोलवायची. सरपंच थेट जनतेतून निवडलेला असेल तर तीन चतुर्थांश सदस्यांनी ठराव मंजूर केल्यावर तो विशेष ग्रामसभेपुढे जातो आणि तिथे गावाने मतदान करून कायम करावा लागतो. ही दुसरी पायरी मला फार मोलाची वाटते, आणि तिलाच बोलीत नाव नाही. ‘अविश्वास’ म्हटलं की ती झाकली जाते, सदस्य सहलीला गेले एवढंच लोकांना आठवतं.

शिरपूरहून : आग्रा रोडने बिजासन घाट चढून सेंधव्याला गेलात की शब्द तयार मिळेल. मध्य प्रदेशात नगरपालिका अध्यक्षाला परत बोलावण्याची तरतूद १९६१ च्या नगरपालिका कायद्यात, कलम ४७ मध्ये आहे. आधी तीन चतुर्थांश नगरसेवकांचा प्रस्ताव, मग शहराचं मतदान. मतपत्रिकेवर चिन्हं दोनच : ‘भरी कुर्सी’ आणि ‘खाली कुर्सी’, म्हणजे रिकामी खुर्ची. अक्षर न येणाऱ्या आजीलाही ती कळतात. आपल्याकडे ‘खुर्ची रिकामी केली’ म्हणायला काय हरकत आहे?

मूळ प्रश्नकर्ता : शिरपूरच्या दादा, आभार. ‘खुर्ची रिकामी केली’ यात करणारे आपण आहोत, हे मला आवडलं. आमच्या ग्रामपंचायतीत भिंतीवर सरपंचांच्या नावांचा निळा फलक आहे. नाव, ‘पासून’, ‘पर्यंत’ असे तीन रकाने. एका नावापुढचा ‘पर्यंत’ मुदतीच्या पुष्कळ आधीचा आहे. ती व्यक्ती वारली, राजीनामा देऊन गेली की सदस्यांनी काढली, हे फलकावरून कळत नाही. उद्या ग्रामसभेने कुणाला उतरवलं तर तिथे चौथा रकाना हवा, आणि त्यात मी ‘गावाने उतरवले’ असं लिहायला सांगेन. ‘प्रत्यावाहन’ पुतण्याच्या परीक्षेपुरतं राहू दे.

चोपड्याहून : ‘उतरवले’ला माझं मत. अहिराणीत आम्ही म्हणतोच, “सरपंचले उतारी टाकं.”