मदत हवी आहे: कॉलेजच्या रेसकारसाठी इंदूर-पीथमपूरमध्ये प्रायोजक कसे मिळवावेत?

नमस्कार मंडळी,

घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि कॉलेजात दोन्हींची इंग्रजीबरोबर खिचडी, त्यामुळे लिहिण्यात चुका सापडतील. सांभाळून घ्या.

मी इंदूरची, सुदामानगरात राहते, मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आमची २६ जणांची टीम फॉर्म्युला स्टुडंट या विद्यार्थ्यांच्या रेसकार स्पर्धेसाठी गाडी बांधते आहे. एकच सीट, उघडी चाकं, केटीएम ३९०चं ३७३ सीसी इंजिन. जानेवारीत कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर फॉर्म्युला भारत स्पर्धा होते, तिथे ती न्यायची आहे. नियमाप्रमाणे इंजिन ७१० सीसीपर्यंत चालतं, पण आत जाणारी सगळी हवा २० मिलिमीटरच्या एका भोकातून गेली पाहिजे. म्हणजे दांडगं इंजिन बसवलं तरी श्वास सुईच्या नेढ्यातून. शेवटी साधारण २२ किलोमीटरची एन्ड्युरन्स, म्हणजे लांब पल्ल्याची शर्यत असते, मध्यावर ड्रायव्हर बदलायचा. बऱ्याच गाड्या तिथेच राम म्हणतात.

हे सगळं जमेल. जमत नाहीये ते पैशांचं.

एकूण खर्च साडेनऊ लाख धरला आहे. आम्ही प्रत्येकी पाच हजार काढले, त्याचे एक लाख तीस हजार झाले. कॉलेजने दोन लाख दिले, सीनियर्सनी मिळून पन्नास हजार. म्हणजे हातात तीन लाख ऐंशी. चॅसीच्या नळ्या, इंजिन आणि ब्रेकचं सामान यातच बहुतेक संपले. टायर अमेरिकेहून मागवायचे आहेत, त्यांची किंमत कस्टम ड्यूटीसकट ऐकून आमच्या खजिनदाराने दोन दिवस फोन उचलला नाही.

स्पॉन्सरशिपचं काम माझ्याकडे आलं, कारण मला 'बोलता येतं' असं टीमचं मत. सत्तरेक ईमेल पाठवल्या, तीन उत्तरं आली, त्यातलं एक 'सुट्टीवर आहे' असं आपोआप आलेलं. मग पीथमपूरच्या कारखान्यांत चकरा मारल्या. गेटवरचा गार्ड विचारतो, 'बाहावाले क्या?' त्याची चूक नाही. बाहाची स्पर्धा वर्षानुवर्षं पीथमपूरच्याच ट्रॅकवर भरत आली, त्यामुळे तिथे विद्यार्थ्यांची गाडी म्हणजे चिखलात उड्या मारणारी बग्गी. बाहात सगळ्यांना सारखंच इंजिन मिळतं, आमचं तसं नाही, आमची डांबरावर पळते, हे सांगेपर्यंत गेट बंद झालेलं असतं.

एका कारखान्याने तर तोंडी होकार दिला होता. आम्ही त्यांचा लोगो नोजवर, म्हणजे गाडीच्या नाकावर, लावून चित्रसुद्धा पाठवलं. दीड महिन्याने कळलं, होकार देणारे साहेब बदलून गेले आणि नव्यांना काही माहीतच नाही. तेव्हापासून कागदाशिवाय आनंद मानायचा नाही असं ठरवलं आहे.

माझे प्रश्न असे. मोठ्या कंपन्यांच्या मागे लागण्यात अर्थ आहे का, की सांवेर रोड, पोलोग्राउंडकडच्या लहान युनिट्सकडे जावं? रोख मागावी की काम करून मागावं? सगळे म्हणतात 'सीएसआरमधून मागा', म्हणजे कंपन्यांना समाजकामासाठी कायद्याने खर्चावे लागणाऱ्या पैशांतून, ते खरंच होतं का? पैसे कॉलेजच्या खात्यात जातात आणि तिथून बाहेर यायला तीन सह्या लागतात, यावर कुणी काही तोड काढली आहे का?

आणि पैशाशिवायची एक मागणी. सरावाला जागा हवी आहे. आठच्या आकड्याची जी परीक्षा असते, तिच्या वर्तुळांचा आतला व्यास १५.२५ मीटर आणि मधली वाट ३ मीटर. दोन्ही वर्तुळं मिळून साधारण ४० मीटर लांब, २२ रुंद जागा लागते, वर बाजूला थोडी मोकळी. सपाट डांबर किंवा काँक्रीट. रविवारी बंद असलेलं गोदामाचं आवार चालेल. कॉलेजच्या पार्किंगमध्ये मधोमध कडुलिंब आहे आणि तो कुणी तोडणार नाही, तोडूही नये.

घरी आजी म्हणते, अनंत चतुर्दशीच्या झांकीसाठी गिरणीवाले वर्गणी गोळा करायचे तशी करा. आजीला कसं सांगू, झांकी बघायला अख्खं इंदूर रात्रभर जागतं, आमची गाडी बघायला घरचेसुद्धा कोइमतूरला येणार नाहीत.

— नोजकोन

---

टूलरूमवाले काका: बेटा, तीस वर्षं पीथमपुरात टूलरूममध्ये काढली, म्हणून हक्काने लिहितो. लहान युनिटच्या मालकाकडे रोख मागायला गेलीस तर तो आधी गल्ल्याकडे बघेल, मग चहा पाजून वाटेला लावेल. त्याच्याकडे पैसा नसतो, उधारी असते. पण मशीन असतं, आणि ते चोवीस तास चालत नाही. व्हीएमसीचे, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनचे तास माग. वायरकटचे, म्हणजे तारेने धातू कापणाऱ्या मशीनचे माग. लेझर कटिंगवाल्याकडे ब्रॅकेट घेऊन जा, त्याच्या मोठ्या शीटमध्ये कडेला तुमचे तुकडे बसतात, त्याला फरकसुद्धा पडत नाही.

प्रायोजकांना दाखवायला रंगीत फाइल केली असशील, ती घरी ठेव. ड्रॉइंग ने, छापलेलं. माल कोणता, नग किती, टॉलरन्स (मापात किती फरक चालेल) कुठे हवा आणि कुठे नको. पोरं सगळीकडे वीस मायक्रॉन लिहून आणतात, मग कारागीर हसतो आणि मालक घाबरतो. बेअरिंग बसतं तिथे माग, बाकी मोकळं सोड. ॲल्युमिनियम तुमचं तुम्ही न्या. 'तुमच्या सवडीने, रात्रपाळीला करा' असं म्हण. मालकाला खरी भीती सेटिंगमध्ये वेळ जाण्याची असते.

महिनाअखेरीला जाऊ नकोस. डिस्पॅचच्या धांदलीत देव आला तरी बसायला खुर्ची मिळत नाही.

जमाखर्च: सीएसआरचं मी सांगतो, रोजचं काम आहे. कंपनी कायदा २०१३, कलम १३५. ज्यांची नेटवर्थ ५०० कोटी, किंवा उलाढाल १,००० कोटी, किंवा निव्वळ नफा ५ कोटी आहे त्यांनाच हे लागू. त्यांनी मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या दोन टक्के खर्च करायचा असतो. सांवेर रोडवरची बहुतेक युनिट्स यात बसतच नाहीत.

आता गंमत बघा. स्वतःच्या मालाची जाहिरात व्हावी म्हणून दिलेली स्पॉन्सरशिप सीएसआरमध्ये धरता येत नाही, नियमात स्पष्ट लिहिलं आहे. म्हणजे तुम्ही 'सीएसआरमधून द्या, बदल्यात नोजवर लोगो लावू' असं लिहिलंत की तुमच्याच पत्राने तुमचा अर्ज बाद. लोगो द्यायचा तर मार्केटिंगच्या नाहीतर भरतीच्या बजेटमधून मागा. मोठ्या कंपनीत एचआरला भेटा, त्यांना दरवर्षी पोरं हवीच असतात.

तीन सह्यांवर तोड काढू नका. त्या सह्या उद्या तुम्हालाच वाचवतील. त्यापेक्षा कंपनीने पुरवठादाराला थेट पैसे द्यावेत आणि माल कॉलेजच्या नावाने यावा, असं पत्रात लिहा.

पुणेकर माजी ड्रायव्हर: चार वर्षं टीममध्ये होतो. सॉफ्टवेअरवर रुपया खर्च करू नका. मॅथवर्क्स, अ‍ॅन्सिस, सॉलिडवर्क्स हे तिघंही विद्यार्थी टीमना मदत करतात, अर्ज तेवढा वेळेत करा. स्पर्धेतलं बिझनेस प्लॅनचं सादरीकरण ७५ गुणांचं असतं, ते काल्पनिक धंद्याचं. तेच स्लाइड प्रायोजकाला दाखवण्याचा गाढवपणा आम्ही केला होता, 'तुम्ही वर्षाला हजार गाड्या कुठे विकणार?' असं त्यांनी गंभीरपणे विचारलं.

टायर नवे हवेत कशाला? सरावाला एखाद्या जुन्या टीमचे वापरलेले मागा. मुंबई-पुण्याच्या टीमना लिही, नाही म्हणणार नाहीत.

मालवी भुट्टा: गाडी न्यायचं भाडं खर्चात धरलंय का ताई? इंदूरहून कोइमतूर दीड हजार किलोमीटरच्या वर आहे. पण आपल्याकडची सोया पेंड कोंबड्यांच्या खाद्यासाठी नामक्कल-पल्लडमकडे जाते, आणि पल्लडम कोइमतूरच्या अगदी शेजारी. ट्रान्सपोर्ट नगरात पेंडवाल्या गाड्यांकडे पार्ट लोड, म्हणजे उरलेल्या जागेत माल नेतील का ते विचारा. गाडी खोक्यात घाला मात्र, नाहीतर रेडिएटरमधून पेंड निघेल.

नोजकोन: सगळ्यांचे आभार. काका, तुमचं ऐकून फाइल घरी ठेवली आणि नुसती अपराइटची (चाकाचं बेअरिंग धरणाऱ्या भागाची) ड्रॉइंग घेऊन सांवेर रोडच्या एका युनिटमध्ये गेले. मालकांनी पैशांचं काही विचारलंच नाही. दहा मिनिटं कागद उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, 'चाळीस मिलिमीटर खोल पॉकेट, आणि कोपऱ्याला रेडियस तीनचा? सहाचा कटर एवढ्या खोल पाठवू तर तुटेल. सहाचा रेडियस कर, मग बाराच्या कटरने काढतो.' आमच्या डिझाइनवाल्याला तिथूनच फोन लावला, तो पाच मिनिटं वाद घालून गप्प झाला. बदललेली ड्रॉइंग आणि माल गुरुवारी नेऊन द्यायचा आहे. चार नग, काम त्यांच्याकडून फुकट, वेळ त्यांच्या सवडीचा. कागदावर लिहून घेतलं, सहीसकट.

जमाखर्च काका, जुन्या पत्रातलं सीएसआरचं वाक्य काढलं. नवं पत्र एचआरच्या नावाने लिहिते आहे, उद्या इथे टाकते, एकदा नजर घाला.

भुट्टादादा, ट्रान्सपोर्ट नगरात कुणी ओळखीचं असेल तर व्यनि (खासगी निरोप) करा. आणि ४० बाय २२ची जागा अजूनही हवी आहे. देवास नाक्याकडे कुणाचं गोदाम?