५५० वॅटचा जुना एसएमपीएस आणि आरएक्स ७८०० एक्सटी: चालवून घेऊ की बदलू?

कोराबोर्ड:
सध्याचा पीसी असा: रायझन ५ ५६००, १६ जीबी रॅम, दोन एसएसडी, एक ३.५ इंची हार्ड डिस्क, चार फॅन आणि जीटीएक्स १६५० ग्राफिक्स कार्ड. त्या जागी आरएक्स ७८०० एक्सटी बसवायचं आहे. एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ५५० वॅटचा, ब्रॉन्झ (कार्यक्षमतेची श्रेणी), सेमी-मॉड्युलर (काही केबल सुट्या होणाऱ्या), सात वर्षं वापरलेला. लेबलवर +१२ व्होल्टच्या रकान्यात ३८ अँपिअर आहे. ग्राफिक्स कार्डासाठी केबल एकच, तिला ६+२ पिनची दोन टोकं. कार्ड कंपनी ७०० वॅट सांगते, ऑनलाइन पॉवर कॅल्क्युलेटर ४०० च्या आसपास दाखवतो. विश्वास कुणावर ठेवायचा? आणि बदलायचाच तर ६५०, ७५० की ८५०?

बारा_व्होल्ट:
दोघंही खोटं बोलत नाहीयेत. कॅल्क्युलेटर तुमच्या पार्ट्सची सरासरी बेरीज करतो. कंपनीला मात्र तुमचा प्रोसेसर कोणता आणि एसएमपीएस किती सुमार, हे ठाऊक नसतं, म्हणून ती सगळ्यांना पुरेल असा आकडा छापते.

बेरीज हातानेच करून बघा. कार्ड २६३ वॅट. ५६०० ची मूळ सेटिंग्जवरची पॉवर मर्यादा ७६ वॅट. बोर्ड, रॅम, डिस्क, फॅन मिळून ५०-६० धरा. झाले साधारण ४००. यातलं जवळजवळ सगळं १२ व्होल्टवरूनच जातं, म्हणून बॉक्सवरचे ५५० विसरा आणि लेबल वाचा: ३८ × १२ = ४५६ वॅट. उरलेली क्षमता ३.३ आणि ५ व्होल्टकडे आहे, ती कार्डाच्या कामाची नाही. चांगल्या नव्या ५५० च्या युनिटमध्ये १२ व्होल्टवर ५४० च्या आसपास मिळतात, तुमच्याकडे तेवढे नाहीत.

हाताशी ५० वॅट उरतात खरे, पण कार्ड सरळ रेषेत वीज खेचत नाही. मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळासाठी त्याची मागणी सरासरीच्या दीडपट किंवा त्याहून वर जाऊ शकते. अशा वेळी संरक्षण सर्किट मध्ये पडतं आणि गेम ऐन रंगात असताना पीसी निळा स्क्रीन वगैरे न दाखवता थेट बंद होतो. त्यात सात वर्षांत कपॅसिटर थकलेले. बदलाच.

पिनमोजणी:
वरच्या हिशोबाशी सहमत. केबलबद्दल थोडं, कारण वॅटपेक्षा तिथेच जास्त घोळ होतात.

मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट, ६ पिनमधून ७५, ८ पिनमधून १५०. तुमच्या कार्डाला बहुधा दोन ८ पिन लागतील. एकाच केबलची दोन टोकं लावली तरी पीसी सुरू होईल, पण त्या एका केबलवर २०० वॅट, म्हणजे जवळजवळ १७ अँपिअर, १२ व्होल्टच्या तीन तारांतून जातील. तारा जळतीलच असं नाही. पण एसएमपीएसच्या बाजूचा कनेक्टर तापतो आणि कार्डापर्यंत पोचेस्तोवर व्होल्टेज घसरतं. दोन स्वतंत्र केबल घ्या, दोन्हींचं एकेक टोक लावा, उरलेली टोकं लोंबू देत.

साटा (डिस्कला वीज देणारा कनेक्टर) टू ८ पिन कन्व्हर्टर तर घरातसुद्धा आणू नका. साटा पॉवर कनेक्टर १२ व्होल्टवर ४.५ अँपिअरसाठी, म्हणजे ५४ वॅटसाठी असतो. त्यावर १५० चा भार टाकला की प्लास्टिक वितळतं.

भरघोस:
एवढी आकडेमोड कशाला? ८५० गोल्ड घ्या आणि मोकळे व्हा. आयुष्यभराची काळजी मिटली.

बारा_व्होल्ट:
८५० ने नुकसान काहीच नाही, पण ४०० वॅटच्या पीसीला त्याची गरजही नाही. आणि 'गोल्ड' म्हणजे दर्जाचा शिक्का नव्हे. ते फक्त कार्यक्षमता सांगतं: ११५ व्होल्टच्या चाचणीत निम्म्या लोडला ब्रॉन्झ ८५ टक्के, गोल्ड ९०. ४०० वॅटवर भिंतीतून ओढल्या जाणाऱ्या विजेत फरक जेमतेम २५ वॅट. आत कपॅसिटर कसले, संरक्षण सर्किट नीट लावलीत का, हे त्या स्टिकरवरून कळत नाही. त्यासाठी मॉडेलचं नाव टाकून लोड टेस्टसकट रिव्ह्यू शोधा आणि वॉरंटी बघा. एकाच कंपनीची एक सिरीज उत्तम आणि दुसरी टाकाऊ असते.

माझं मत: चांगला ६५० पुरतो. पुढे याहून तगडं कार्ड घ्यायचा विचार असेल तर ७५०. नवा घेताय तर एटीएक्स ३.० किंवा ३.१ बघा. त्या मानकात एसएमपीएसला १०० मायक्रोसेकंदांसाठी दुप्पट भार झेलता आला पाहिजे अशी अट आहे. १६ पिनचं टोक तुम्हाला आज लागणार नाही, पुढच्या कार्डाला कदाचित लागेल.

यूपीएस असेल तर तोही तपासा. ६०० व्हीएचे (व्होल्ट-अँपिअर, वॅट नव्हे) बरेच यूपीएस ३६० वॅटचेच असतात. कार्ड बदलल्यावर तो ओव्हरलोड होऊन कोकलायला लागला तर दोष एसएमपीएसचा नव्हे.

कोराबोर्ड:
७५० ठरवतो. एक शंका: जुन्या केबल कॅबिनेटच्या मागून नीट बांधून ठेवल्यात. नवाही त्याच कंपनीचा मॉड्युलर घेतला तर केबल तशाच ठेवून नुसता डबा बदलला तर?

पिनमोजणी:
अजिबात नको! कार्ड किंवा डिस्कच्या बाजूची पिनरचना ठरलेली असते, एसएमपीएसच्या बाजूची नाही. एकाच कंपनीच्या दोन सिरीजमध्येही ती वेगळी असू शकते. केबल छान बसते, टक् आवाजही येतो, आणि ५ व्होल्टच्या जागी १२ गेले की हार्ड डिस्क आणि एसएसडी डेटासकट गेल्या. सेमी-मॉड्युलर असल्यामुळे बोर्डाच्या केबल डब्याबरोबर निघतीलच. साटाची आणि कार्डाचीही काढा, एकही मागे ठेवू नका.

बदलताना प्लग काढा आणि पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. खाली जाळी असेल आणि तिच्याखाली हवेला जागा असेल तर एसएमपीएसचा फॅन खाली. प्रोसेसरची केबल ४+४ ची, कार्डाची ६+२ ची. दोन्ही ८ पिनच दिसतात, पण अदलाबदल चालत नाही. ती घुसत नसेल तर जोर लावू नका, चुकीची उचलली आहे. ६+२ चे दोन तुकडे आधी एकमेकांत अडकवा, मग दोन्ही एकदम दाबा. बहुतेकांचा २ पिनचा तुकडा अर्धवट राहतो आणि मग पीसी चालू होतो पण डिस्प्ले येत नाही.

सुरू झाल्यावर प्रोसेसर आणि कार्ड दोन्हींवर एकदम लोड टाकून अर्धा तास चालवा. १२ व्होल्टचं रीडिंग सॉफ्टवेअरमध्ये विचित्र दिसलं तर लगेच घाबरू नका, बोर्डचे सेन्सर पुष्कळदा चुकतात. मल्टिमीटरवर ११.४ च्या वर असेल तर ठीक.

कोराबोर्ड:
केबल सगळ्या काढतो. यूपीएस बघितला, ६०० व्हीए, ३६० वॅटचाच निघाला.

बारा_व्होल्ट:
मग तोही यादीत घाला. भिंतीतून साधारण ४५० लागतील, वर मॉनिटर. ६०० वॅटचा बघा, व्हीएचा आकडा नको.