मॅट कोटनंतर मिग-२१ चं मॉडेल पांढरं पडलंय, वाचवता येईल का? (शिवाय रंगवताना काय ऐकावं?)

पंचाहत्तर_बिस:
मंडळी, दोन वर्षं इथे वाचनमात्र होतो. आज पहिला धागा काढतोय तोही रडगाणं घेऊन.

प्लॅस्टिकचं मॉडेल किट, १/७२ चं (खऱ्या विमानाच्या बहात्तराव्या हिश्शाचं), झ्वेझ्दा कंपनीचं मिग-२१ बिस. बिस हा मिग-२१ चाच एक प्रकार. रात्री जेवणं आटोपली की तासभर, असे साडेतीन महिने गेलेत त्यात. बाबा नाशिकजवळ ओझरला एचएएल या विमानं बनवणाऱ्या सरकारी कंपनीत होते. ऐंशीच्या दशकात तिथे बिसची जुळणी चालायची, त्यात. त्यांच्या तोंडी बिस हा शब्द नसतो, 'पंचाहत्तर' म्हणतात, टाइप ७५ म्हणून. २०२५ मध्ये २६ सप्टेंबरला चंदीगडला वायुसेनेने मिग-२१ ला निरोप दिला तेव्हा बाबा टीव्हीसमोर शेवटपर्यंत उभे होते. बसा म्हटलं तर "राहू दे". तेव्हाच ठरवलं, पुढच्या गणपतीत त्यांच्या हातात एक पंचाहत्तर ठेवायचं.

रंग झाला, ग्लॉस कोट (चकचकीत पारदर्शक थर) झाला, डिकल्स (पाण्याने चिकटवायची चित्रं-खुणा) बसली. वॉशने (पातळ गडद रंगाने) पॅनल लाइन, म्हणजे पत्र्यांच्या सांध्याच्या रेघा, उठून आल्या. उरला होता फक्त मॅट कोट, म्हणजे चमक मारणारा शेवटचा पारदर्शक थर. एअरब्रश (हवेच्या दाबाने रंग फवारणारं पेन) धुवायचा कंटाळा म्हणून लॅकर मॅटचा स्प्रे कॅन आणला. परवा रात्री डोंबिवलीत धो धो पाऊस. वास घरभर होऊ नये म्हणून खिडकी सताड उघडी, टेबल खिडकीला लावलेलं, कानात हेडफोन. सकाळी बघतो तर दोन्ही पंखांवर आणि पाठीच्या कण्यावर दुधाळ साय. हिरवा रंग भिंतीला पोपडे धरल्यासारखा दिसतोय आणि वायुसेनेच्या गोल खुणेतला केशरी चक्क फिका गुलाबी. पोटाकडची बाजू मात्र ठीक आहे.

आता खरा गुन्हा कबूल करतो. सँडिंगला (पेपरने घासताना) मी मिनिटाला १२० ठोक्यांचं टेक्नो लावतो (त्या ठेक्यात नाकाजवळच्या दोन पॅनल लाइन पुसून टाकल्या, सुईने परत कोरल्या). मास्किंग (रंग नको तिथे टेप लावणं) आणि रंगाला मात्र अँबियंट, म्हणजे संथ, पसरट संगीत. त्या रात्री तासाभराचा एकच तुकडा चालू होता, ठेका नाही, सुरुवात-शेवट नाही. कोट मारले तीन. मधे दहा-दहा मिनिटं थांबायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात किती थांबलो देव जाणे. तुकडा संपला तेव्हा घड्याळ बघितलं, तर तिन्ही कोट पहिल्या काही मिनिटांतच उरकले असणार.

प्रश्न दोन. हे पांढरं जाईल का, की रंग उतरवून पहिल्यापासून सुरू? आणि तुम्ही काय ऐकता, ज्यात हात शांत राहतो पण भान सुटत नाही?

स्प्रूतोड्या:
आधी एक सांगा. पांढरं फक्त डिकल्सच्या कडेने आहे की मोकळ्या रंगावरही? फक्त डिकलखाली असेल तर ते सिल्व्हरिंग, म्हणजे खाली अडकलेली हवा. त्याला सुईने टोचून मायक्रो सोल (डिकल मऊ करणारं द्रव) द्यावं लागतं. ते प्रकरण वेगळं.

पंचाहत्तर_बिस:
मोकळ्या रंगावरही आहे. किंबहुना तिथेच जास्त.

अप्पा_वार्निशवाले:
मग पावसाने गंडवलंय तुम्हाला. लॅकरमधलं सॉल्व्हंट (पातळ करणारं द्रव) झटकन उडतं आणि उडताना पृष्ठभाग गार करतं. थंड पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो ना, तसंच. हवेतली वाफ ओल्या थरावर बसते आणि थर वाळताना आत अडकते. त्यात तुम्ही कॅन सलग दाबलात. सलग मारला की कॅन स्वतःच गार होतो, हाताला लागतो बघा. खिडकीही उघडी, म्हणजे बाहेरची ओल थेट विमानावर. पोटाची बाजू का वाचली याचंही उत्तर बहुतेक त्यातच आहे, खिडकीकडे पाठ होती ना त्याची?

आता परीक्षा करा. पंखाच्या टोकाला, कुठेतरी कोपऱ्यात, बोटाने पाण्याचा एक थेंब फिरवा. ओलं असेपर्यंत पांढरं दिसेनासं झालं आणि वाळल्यावर परत आलं, तर दोष वरच्या थराच्या खडबडीतपणाचा आहे. खालचा रंग शाबूत आहे. अशा वेळी वरून ग्लॉस कोट दिला की तो खळगे भरतो आणि साय विरते. मग पुन्हा मॅट, पण कोरड्या दिवशी. पाण्यानेही पांढरं हललं नाही तर परत या, बोलू.

आणि डबा नीट हलवला होता का? मॅटपणा आणणारी बारीक पूड तळाशी बसते. न हलवता मारलं आणि जाड मारलं की तीही पांढरी उमटते. दोन मिनिटं घड्याळ लावून हलवायचा.

स्प्रूतोड्या:
अप्पांशी सहमत. ग्लॉसनेही नाही गेलं तर मिस्टर हॉबीचं लेव्हलिंग थिनर एअरब्रशमधून नुसतं धुक्यासारखं, लांबून. त्यात वाळणं लांबवणारं रिटार्डर असतं, थर पुन्हा सैलावतो आणि अडकलेली ओल निघून जाते. पण हा शेवटचा उपाय. जरा जास्त झालं की डिकल्स सुरकुततात. आधी जुन्या पंखावर किंवा प्लॅस्टिकच्या चमच्यावर करून बघा.

जुनाट_ब्रश:
एवढे सोपस्कार गाणी न ऐकता केले असते तर हा धागा निघालाच नसता. आमच्या वेळी रेडिओसुद्धा बंद ठेवायचो.

मंद्र_सा:
@जुनाट_ब्रश, काका, एअरब्रशला हवा देणारा कंप्रेसरच गातोय, त्याला कसं बंद करणार :)

गंमत नाही. घरची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे असल्या मोटरचा घुमारा बहुधा १०० हर्ट्झला येतो. पेटीवर बघाल तर खालच्या सप्तकातल्या पांढरी पाचच्या किंचित वर, कारण ती पांढरी पाच ९८ हर्ट्झची. आता तुमच्या अँबियंट तुकड्यातला ड्रोन, म्हणजे सलग धरलेला सूर, पांढरी पाचचा असला तर दोघांच्या भांडणातून सेकंदाला दोन हेलकावे ऐकू येतात. मला वर्षभर वाटायचं कंप्रेसर बिघडलाय. एकदा हेडफोन काढले तर हेलकावे गायब. तेव्हापासून एअरब्रश चालू असताना पांढरी पाच वर्ज्य.

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं: लांब तुकडा वाईट नाही, त्याला खूण नाही हे वाईट. मी तंबोऱ्याच्या रेकॉर्डिंगचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे करून घेतलेत. प्रत्येक तुकड्याच्या शेवटी दोन मिनिटं शांतता, मग एकच टोल. टोल पडल्याशिवाय ट्रिगरला बोट लावायचं नाही. एक कोट, एक तुकडा. घड्याळाकडे बघावं लागत नाही, बघायला हात मोकळे तरी कुठे असतात.

हेडफोनपेक्षा छोटा स्पीकर बरा. मास्कचे पट्टे आणि हेडफोन एकत्र बसत नाहीत, मग मास्कच ढिला राहतो. मास्क म्हणजे कापडी नव्हे, सॉल्व्हंटच्या वाफा अडवणाऱ्या डब्यांचा.

पंचाहत्तर_बिस:
सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

थेंब फिरवला. पांढरं गायब! खालून तो गडद हिरवा आला तेव्हा मी टेबलावर हात आपटला, बायको धावत आली. दहा मिनिटांत साय परत, पण आता भीती गेली.

काल एसी दीड तास लावून खोली कोरडी केली, चारशे रुपयांचं आर्द्रतेचं मीटर आणलं, ५४ टक्के दाखवत होतं. अ‍ॅक्रिलिक ग्लॉस एअरब्रशने दोन पातळ कोट. मंद्र, तुमच्या टोलाची नक्कल करून पितळी वाटी आणि चमच्याचा आवाज रेकॉर्ड केला, चालला. उजवा पंख आणि कणा पूर्ण साफ. डाव्या पंखावर चाकाच्या खाचेच्या बरोबर वर नखाएवढा डाग उरलाय. तिथे बहुतेक तिन्ही कोट एकावर एक साचले होते.

आणि बाबांना कळलंच. कपाटाचं दार उघडं राहिलं. त्यांनी चष्मा वर ढकलून विमान खिडकीपाशी नेलं. पंखाचा पसारा सगळा दहा सेंटिमीटरचा, त्यांच्या तळव्यात मावला. पांढऱ्या डागाबद्दल अक्षर नाही. म्हणाले, "पिटो ट्यूब बरोबर उजवीकडे घेतलीस. लोक मधोमध लावतात." (पिटो ट्यूब म्हणजे नाकावरची वेग मोजणारी लांब नळी.) मग पोटाखालची तोफ बोटाने चाचपली आणि परत कपाटात ठेवलं, होतं तसंच, नाक भिंतीकडे.

आता अप्पा, डागावर अजून एक ग्लॉस मारू, की तेवढ्या जागी दोन हजार नंबरच्या पॉलिश पेपरने ओलं घासून मग? डिकल तिथून अर्ध्या सेंटिमीटरवर आहे.

अप्पा_वार्निशवाले:
घासू नका. आधी एक ग्लॉस, दोन दिवस थांबा. मॅटचा कॅन या वेळी कोमट पाण्यात पाच मिनिटं उभा करा, कोमट म्हणजे कोमट, गॅसवर ठेवू नका. आणि गणपतीला अजून वेळ आहे.